खाणीचा गाळ, जलाशयाचें पाणी आणि उपग्रहाची नोंद

नदीचें अगर धरणाचें पाणी बिघडलें म्हणजे काठच्या शेतकऱ्यास तें कळावयास यंत्र लागत नाहीं. जनावर तोंड लावून मागें फिरतें, धुतलेल्या धोतरावर तांबूस डाग राहतो, ठिबकचे ड्रिपर चोंदतात. परंतु हें पाणी केव्हांपासून बिघडलें, किती लांबवर बिघडलें, आणि तें पावसाच्या मातीनें बिघडलें कीं वरच्या अंगास असलेल्या खाणीच्या गाळानें, असे प्रश्न कचेरींत निघाले म्हणजे त्याची अडचण होते. ‘पूर्वीं पाणी चांगलें होतें’ हें त्याचें म्हणणें असतें; पुरावा नसतो. असा पुरावा आतां पुष्कळ अंशीं आकाशांत फिरणाऱ्या उपग्रहांपासून मिळूं शकतो. तो कसा मिळतो, त्याचा भरंवसा किती धरावा व कोठें धरूं नये, हें ब्राझील देशांतील एका दुर्घटनेच्या आधारें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

ब्राझील हा देश आपणांस वाटतो तितका परका नाहीं. काजू व अननस हीं फळें पोर्तुगीज लोकांनीं तिकडून आणून गोव्यांत उतरविलीं आणि तेथून तीं कोकणांत पसरलीं. उलट आपल्याकडील गीर, कांकरेज व ओंगोल जातींचीं गुरें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिकडे गेलीं, आणि आज त्या देशांतील गोधनाचा फार मोठा भाग याच रक्ताचा आहे. या पैदाशीचें मुख्य ठाणें जें उबेराबा शहर, तें मिनास जेराइस प्रांतांत आहे. या प्रांताच्या नांवाचा अर्थच ‘सर्वसाधारण खाणी’ असा होतो. सोनें, हिरे व आतां मुख्यतः लोखंड यांच्या खाणी, आणि त्यांच्या खालच्या अंगास खोऱ्यांतून गुरें पाळणारे व शेती करणारे लोक, अशी त्या मुलखाची मांडणी आहे. आपल्याकडे गोव्यांत अगर चांद्याकडे जो हिंडला असेल त्यास ती निराळी समजावून सांगावयास नको.

लोखंडाचें खनिज कुटून, पाण्यानें धुऊन, त्यांतील कसदार भाग काढून घेतला म्हणजे मागें बारीक पिठासारखा चिखल उरतो. हा चिखल दरींत बांध घालून सांठवितात. बांध भरला म्हणजे तो उंच करावा लागतो. उंच करण्याची स्वस्त रीत अशी कीं, नवा बांध जुन्या बांधाच्या आंतल्या अंगास, सांठलेल्या गाळावरच चढवावयाचा. तो भरला कीं पुन्हां त्याच्या आंत दुसरा. ज्यानें आपल्या शेताची ताल किंवा नाल्यावरचा बांध एकदां तरी घातला आहे, त्यास या रीतींतील दोष सांगावयास नको. पाया म्हणून ज्यावर भार टाकला, तो स्वतःच ओला गाळ आहे. तो घट्ट आहे असें दिसतें, परंतु पाणी कोंडलें गेलें म्हणजे एखाद्या क्षणीं तो पातळ होऊन वाहूं लागतो.

ब्रुमाजिन्यो गांवाजवळील कोर्रेगो दो फेजाव या खाणीवरचा बांध याच रीतीनें १९७६ सालापासून चढवीत नेलेला होता. त्याची उंची ८६ मीटर झाली होती. २०१६ पासून त्यांत नवीन गाळ टाकणें बंद होतें, आणि फुटण्यापूर्वीं कांहीं महिने अगोदरच तपासनिसांनीं त्याच्या मजबुतीचा दाखला दिला होता. ता. २५ जानेवारी २०१९ रोजीं दुपारीं १२ वाजून २८ मिनिटांनीं तो एकाएकीं ढासळला. खाणीचें भोजनगृह व कचेरी बांधाच्या अगदीं खालींच असल्यानें, जेवणाच्या वेळीं तेथें असलेले लोक सुटूं शकले नाहींत. २७० माणसें मेलीं. सांठलेल्या सुमारे एक कोटी वीस लाख घनमीटर गाळापैकीं बराचसा भाग फेर्रो-कार्व्हाव ओढ्यांतून खालीं जाऊन पाराओपेबा नदींत शिरला. याच प्रांतांत मारियाना गांवाजवळ ता. ५ नोव्हेंबर २०१५ रोजीं फुंदाव नांवाचा असाच बांध फुटून १९ माणसें मेलीं होतीं, आणि तो गाळ रिओ दोसी नदीनें, म्हणजे शब्दशः ‘गोड नदी’नें, सहाशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून समुद्रास मिळाला होता. त्यास चार वर्षेंही झालीं नव्हतीं.

आतां शेतकऱ्यांच्या दृष्टीनें मुख्य गोष्ट. पाराओपेबा ही साव फ्रान्सिस्को या मोठ्या नदीस मिळणारी नदी आहे. तिच्यावर खालीं रेतीरो बायशो नांवाचें वीज उत्पन्न करण्याचें धरण आहे, आणि त्याच्याही खालीं त्रेस मारियास हा अवाढव्य जलाशय आहे. त्याची साठवण सुमारे वीस अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या उजनीसारखीं सहा धरणें एकत्र केलीं तर होईल इतकी आहे. त्यावर बागाईत आहे, माशांची पैदास आहे, वीज आहे. जानेवारी २०१९ च्या अखेरीस प्रांताच्या जलखात्यानें, ज्यास ‘इगाम’ म्हणतात, ब्रुमाजिन्योपासून रेतीरो बायशोपर्यंत अडीचशे किलोमीटरांच्या वर लांबीच्या पट्ट्यांत नदीचें कच्चें पाणी माणसांनीं, जनावरांनीं अगर शेतीकरितां वापरूं नये असें जाहीर केलें. ही मनाई पुढें कित्येक वर्षें उठली नाहीं. काठच्या लोकांस व गुरांस पाणी टँकरनें व नवीन विहिरी खणून पुरवावें लागलें.

पण रेतीरो बायशोच्या खालीं काय? तेथें वाद पडला. मार्च २०१९ मध्यें एस. ओ. एस. माता अत्लांतिका या खासगी संस्थेनें आपल्या पाहणीवरून असें प्रसिद्ध केलें कीं, गाळाचा परिणाम रेतीरो बायशो ओलांडून त्रेस मारियासच्या वरच्या टोंकापर्यंत पोंचला आहे. सरकारी खात्यांस हें मान्य नव्हतें. गाळ वरच्या धरणांतच अडकून राहिला असें त्यांचें मत होतें. दोघांनींही पाणी तपासलें होतें. मग फरक कां पडावा? त्याचें एक मोठें कारण असें कीं जानेवारी ते मार्च हे त्या मुलखांत पावसाळ्याचे महिने आहेत. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथील पाऊस ऑक्टोबरांत सुरू होऊन मार्चांत सरतो. जमीन तांबडी, पाऊस पडला कीं नद्या दरसालच तांबड्या होतात. तेव्हां आज बाटलींत घेतलेलें तांबडें पाणी खाणीचें कीं डोंगरउताराचें, हें नुसत्या त्या बाटलीवरून ओळखतां येत नाहीं. त्याच ठिकाणचें, त्याच महिन्यांतलें, मागच्या सालचें पाणी कसें होतें हें कोणी तरी दाखवावयास हवें. असा कोणी साक्षीदार असेल तर तो उपग्रहच होय.

उपग्रह पाणी कसें पाहतो हें समजून घेण्यास फारसें शास्त्र लागत नाहीं. सूर्याचा प्रकाश अनेक रंगांच्या किरणांचा बनलेला आहे. स्वच्छ व खोल पाणी तांबडे किरण आपल्या पोटांत घेतें व निळे थोडेसे परत पाठवितें. म्हणून खोल डोह काळसर निळा दिसतो. तांबड्याच्याही पलीकडे डोळ्यांस न दिसणारे जे अवरक्त किरण आहेत, ते तर स्वच्छ पाणी जवळजवळ सगळेच गिळतें. आतां पाण्यांत मातीचे किंवा खनिजाचे बारीक कण तरंगत असले तर प्रकाश त्यांवर आदळून मागें फिरतो. कण जितके अधिक, तितका तांबडा किरण अधिक परत येतो. गढूळपणा फारच वाढला म्हणजे तांबड्या किरणाची वाढ थांबते, आणि मग अवरक्त किरणावरून मोजावें लागतें. लोखंडाच्या गंजाचे कण निळा व हिरवा प्रकाश खाऊन टाकतात, त्यामुळें अशा गाळाचा रंग अधिकच विटकरी येतो. शेवाळ वाढलेल्या पाण्याची खूण निराळी आहे. झाडाच्या पानांतील हरितद्रव्य शेवाळांतही असतें, तें तांबडा किरण खातें. परंतु तांबडा संपून अवरक्त सुरू होतो त्या सीमेवर प्रकाश एकदम उसळी घेतो. म्हणून मातीनें गढूळ झालेलें पाणी आणि मैल्याच्या खतानें हिरवें झालेलें पाणी, हीं दोन्ही उपग्रहास वेगवेगळीं ओळखतां येतात. आपल्या उजनीचें पाणी उन्हाळ्यांत हिरवें कां होतें हें भीमाकांठच्या वाचकांस ठाऊकच आहे. तो दुसऱ्या प्रकारचा रोग आहे, खाणीचा नव्हे.

या कामास उपयोगी पडणारे उपग्रह मुख्यतः दोन घराण्यांचे आहेत. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह १९७२ सालीं सोडण्यांत आला, आणि ती मालिका आजपर्यंत अखंड चालू आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ या जोडीपैकीं पहिला जून २०१५ मध्यें व दुसरा मार्च २०१७ मध्यें गेला. त्यांस पुढें २०२४ मध्यें तिसरा येऊन मिळाला. जोडीनें फिरणारे हे उपग्रह एकाच जागेवरून दर पांच दिवसांनीं जातात आणि तेरा निरनिराळ्या किरणपट्ट्यांत चित्र घेतात. ब्राझीलचे स्वतःचेही उपग्रह आहेत. त्यांपैकीं आमेझोनिया-१ हा आपल्याच श्रीहरिकोट्याहून, आपल्याच यानानें, ता. २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं सोडला गेला. तो मुख्यतः तिकडील अरण्यांच्या पाहणीकरितां आहे.

चित्र म्हणजे बारीक चौकोनांची जाळी समजावी. प्रत्येक चौकोनास प्रत्येक किरणाचा एक आंकडा. सेंटिनेलचा सर्वांत बारीक चौकोन दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतो. सात-बाराच्या उताऱ्यांत आपण क्षेत्र हेक्टर-आर मध्यें लिहितों. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तेव्हां उपग्रहाचा एक चौकोन म्हणजे बरोबर एक आर. लँडसॅटचा चौकोन तीस मीटरांचा, म्हणजे नऊ आर. आयुष्यभर आर-गुंठ्यांची बेरीज केलेल्या माझ्यासारख्यास हें कळल्यावर फार बरें वाटलें. आकाशांतल्या तलाठ्यानेंही आपलेंच माप धरलें आहे!

त्रेस मारियाससारख्या हजार चौरस किलोमीटरांच्या जवळपास पसरलेल्या जलाशयावर असे चौकोन सुमारे एक कोटी पडतात. पाण्याचे नमुने घेणारी बोट दिवसभरांत फार तर दहा-वीस ठिकाणीं जाईल. ती ज्या ठिकाणीं गेली तेथलें पाणी ती अचूक सांगेल, परंतु दोन ठिकाणांच्या मध्यें काय आहे हें तिला दिसणार नाहीं. गाळाची जीभ कोणत्या फांट्यांतून आंत शिरली, कोणत्या किनाऱ्यास चिकटून चालली, कोठें बसली, हें वरूनच दिसतें. शिवाय जुनीं चित्रें दप्तरांत आहेतच. रेतीरो बायशोच्या तलावाचें जानेवारी २०१९ मधील चित्र आपण २०१८, २०१७ व २०१६ च्या जानेवारीतील चित्रांशीं ताडून पाहूं शकतों, आणि त्या त्या साली पाऊस किती झाला हेंही पर्जन्यमापकावरून ठाऊक असतें. सारख्या पावसाच्या सालीं पाणी जितकें तांबडें होत असे त्याहून तें एका विशिष्ट दिवसापासून अधिक तांबडें झालें, आणि हा फरक खाणीकडून खालीं खालीं सरकत आला, असें दिसलें म्हणजे पावसाचें निमित्त पुढें करणारास उत्तर द्यावें लागतें. उलट, फरक दिसला नाहीं तर खाणीवर आळ घेणाऱ्यानेंही थांबून विचार केला पाहिजे. साक्षीदार दोन्ही पक्षांस सारखाच असतो.

येथें थोडें स्वतःविषयीं लिहितों, कारण तें विषयास धरून आहे. मी महसूल खात्यांत कारकून होतों. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीं एका पुरानंतर पंचनाम्याच्या कामावर गेलों असतां, नदीकांठच्या एका शेतकऱ्यानें दाखविलें कीं त्याच्या दीड एकरांत वरच्या खडीच्या खाणींतील भुकटी वाहून येऊन बसली आहे. खाणवाल्याच्या माणसाचें म्हणणें, ही पुराची माती, ती दरसाल येते. मीं पंचनाम्यांत ‘शेतांत करड्या रंगाचा थर, जाडी वीतभर’ एवढें लिहिलें. आदल्या सालीं तेथें थर होता कीं नव्हता हें पाहण्यास पीकपाहणीचा रकाना उघडला, तर त्यांत पिकाचें नांव तेवढें होतें. मातीविषयीं कोठेंच कांहीं नव्हतें. तक्रार काढून टाकण्यांत आली. त्या थराचा नमुना घेऊन मोहोरबंद करावा हें मला सुचलें नाहीं. आणि लँडसॅटचीं जुनीं चित्रें तेव्हांही विनामूल्य मिळत होतीं, हें मला पुष्कळ वर्षांनीं समजलें. दीड एकर म्हणजे साठ गुंठे. त्यांत लँडसॅटचे सहा-सात चौकोन बसले असते. फार नव्हेत, परंतु कोऱ्या रकान्यापेक्षां बरेच अधिक. तो शेतकरी पुढें बाजारांत भेटे तेव्हां नमस्कार करी. मला मात्र त्याच्याकडे पाहवत नसे.

वाद उत्पन्न होण्यापूर्वीं केलेल्या नोंदीला किंमत असते, हें कचेरींत काम केलेला कोणीही सांगेल. नुकसान झाल्यावर काढलेला फोटो नुकसान दाखवितो. त्याचें कारण दाखवीत नाहीं. उपग्रह कोणाच्या तक्रारीची वाट पाहत नाहीं, कोणाच्या बाजूचा म्हणून चित्र काढीत नाहीं, यांतच त्याचें महत्त्व आहे. मिनास जेराइस सरकार व वाले कंपनी यांच्यामध्यें ता. ४ फेब्रुवारी २०२१ रोजीं जी तडजोड झाली ती ३,७६८ कोटी रेआल, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारे पन्नास हजार कोटी रुपयांची होती. एवढ्या रकमा जेथें वाटावयाच्या, तेथें कोणतें गांव बाधित व कोणतें नव्हे, ही रेघ कोठें ओढावयाची याला किती महत्त्व येतें हें सांगावयास नकोच.

आतां दुसरी बाजू. उपग्रहास सर्व कांहीं दिसतें असा समज करून घेणें धोक्याचें आहे.

पहिली अडचण ढगांची. पाऊस असतांना, म्हणजे नेमका गाळ वाहतो त्याच वेळीं, आकाश झांकलेलें असतें. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, परंतु त्यांस पाण्याचा विस्तार व पृष्ठभागाचा खडबडीतपणा कळतो. रंग कळत नाहीं. दुसरी अडचण हवेची. स्वच्छ पाणी तांबड्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं एकदोनच भाग परत पाठवितें. उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोंचतो त्यांतला बहुतेक मधल्या हवेंतून व धुळींतूनच विखुरलेला असतो. तो हिशेबानें वजा करावा लागतो, आणि वजाबाकींत थोडी चूक झाली तरी उरलेला आंकडा पुष्कळ बदलतो. तिसरी कांठाची. जो चौकोन अर्धा पाण्यावर व अर्धा जमिनीवर पडला, तो टाकूनच द्यावा लागतो. म्हणून अरुंद नदीपेक्षां रुंद जलाशयाची पाहणी अधिक भरंवशाची होते. उथळ जागीं तळ दिसतो, आणि तळाचा रंग पाण्याचा म्हणून गणला जातो. गढूळ पाण्यांत तर वरच्या हात-दीड हातापलीकडचें कांहींच कळत नाहीं.

चौथी अडचण सर्वांत मोठी, आणि तीच बहुधा सांगितली जात नाहीं. पाण्यांत विरघळलेल्या धातूला रंग नसतो. शिसें, पारा, मँगनीज हे विरघळून आले तर पाणी काचेसारखें स्वच्छ दिसूनही वापरण्यास अयोग्य असूं शकेल. ब्राझीलच्या कायद्याप्रमाणें पाराओपेबासारख्या दुसऱ्या वर्गाच्या नदींत गढूळपणा १०० एककांच्या आंत, मँगनीज लिटरास ०.१ मिलिग्रॅमच्या आंत, शिसें ०.०१ मिलिग्रॅमच्या आंत असावें लागतें. यांपैकीं गढूळपणा तेवढा उपग्रह थेट पाहूं शकतो. बाकीच्यांचा अंदाज गढूळपणावरून बांधतात, कारण पुष्कळ धातू बारीक कणांस चिकटूनच प्रवास करतात. परंतु तो अंदाज होय.

मँगनीज व लोखंड यांची गति विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गाळ धरणाच्या तळाशीं बसला म्हणजे वरचें पाणी निवळतें, उपग्रहाच्या चित्रांत तें निळें दिसूं लागतें, आणि सर्व ठीक झालें असें वाटतें. परंतु उन्हाळ्यांत खोल पाण्यांतील प्राणवायु संपला कीं गाळांतील हेच धातु पुन्हां विरघळून तळच्या पाण्यांत उतरतात, आणि खालच्या मोरीनें सोडलेल्या पाण्याबरोबर कालव्यांत येतात. हवा लागली म्हणजे त्यांचा तांबडा व काळा साका बनतो. ठिबक सिंचनाच्या पाण्यांत लोखंड किंवा मँगनीज लिटरास ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास ड्रिपर चोंदण्याचा संभव सुरू होतो, व १.५ च्या वर तो फार वाढतो. पिकाला सतत देण्याच्या पाण्यांत मँगनीज ०.२ व लोखंड ५ मिलिग्रॅमच्या आंत असावें असें जागतिक अन्न व शेती संघटनेचें मान आहे. म्हणजे पिकापूर्वीं नळीच तक्रार करते. ज्याच्या लॅटरलमध्यें काळा साका येऊं लागला आहे त्यानें पाणी तपासून घ्यावें. उपग्रहाचें चित्र कितीही निळें असो.

पाराओपेबाच्या कांठीं आणखी एक गोष्ट घडली. जानेवारी २०२० व पुन्हां जानेवारी २०२२ मध्यें तेथें अतिवृष्टि झाली. पात्रांत बसलेला गाळ ढवळून निघाला, आणि पुराबरोबर कांठच्या शेतांत व गोठ्यांत शिरला. ज्यांना २०१९ मध्यें वाटलें होतें कीं आपण वांचलों, त्यांच्या दारीं तो तीन वर्षांनीं आला. यासाठींच जलाशयाची पाहणी एक-दोन महिन्यांत आटोपण्यासारखी नसते.

यावरून लक्षांत येईल कीं उपग्रह हा पाण्याच्या तपासणीचा बदली नोकर नव्हे. खरी रीत अशी आहे. उपग्रह ज्या दिवशीं जावयाचा त्याच दिवशीं, शक्य तर त्याच तासांत, बोटींतून पांचपन्नास ठिकाणचे नमुने घ्यावयाचे. त्यांचा गढूळपणा मोजावयाचा. त्याच ठिकाणच्या चौकोनांचे आंकडे समोर मांडावयाचे. आणि दोहोंचा मेळ घालून त्रैराशिकासारखें एक कोष्टक तयार करावयाचें. मग बाकीच्या सर्व चौकोनांस व जुन्या सर्व चित्रांस तें कोष्टक लावतां येतें. एका धरणाचें कोष्टक दुसऱ्या धरणास जसेंच्या तसें लागू पडत नाहीं, कारण माती निराळी, कण निराळे. तांबड्या मातीच्या सालावलीचें कोष्टक काळ्या मातीच्या जायकवाडीस लावणारा फसेल.

आपल्याकडे हें सर्व अप्रस्तुत आहे असें कोणी म्हणूं नये. गोव्यांत सांगे तालुक्यांतील सालावली धरणाच्या पाणलोटांत लोहखनिजाच्या खाणी चालत होत्या, आणि खाणींवरची माती पावसांत उतरून भातशेतें भरल्याच्या तक्रारी तिकडे जुन्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें तेथील खाणकाम ऑक्टोबर २०१२ मध्यें थांबलें. पुढें सुरू झालें व २०१८ मध्यें पुन्हां थांबलें. चालू असलेलीं व बंद असलेलीं अशीं दोन्ही प्रकारचीं वर्षें उपग्रहांच्या दप्तरांत आहेत. नागपुराजवळ खसाळा येथें औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध जुलै २०२२ मध्यें फुटून राख शेतांत व नाल्यांत गेली. ती खाण नव्हे, परंतु बांध, ओला गाळ व पावसाळा हें त्रिकूट तेंच.

शेतकऱ्यानें स्वतः काय करावें? चित्रें पाहण्यास आतां पैसे लागत नाहींत. सेंटिनेलचीं चित्रें ‘कोपर्निकस ब्राउझर’ या नांवानें इंटरनेटवर कोणासही उघडतां येतात. घरांतील शिकलेल्या मुलास अगर मुलीस सांगितलें तर ती अर्ध्या तासांत आपल्या तलावाचें दहा वर्षांचें चित्र समोर मांडील. परंतु त्या चित्राला जोड म्हणून कांठावरची एक नोंद असली तर तिचें वजन फार वाढतें. त्याकरितां एक साधें साधन आहे. आंजेलो सेक्की नांवाच्या इटालियन धर्मगुरु व ज्योतिषानें १८६५ सालीं समुद्राचें पाणी किती पारदर्शक आहे हें मोजण्यास पांढरी तबकडी दोरीनें खालीं सोडली. तीच रीत आजही जगभर चालते. वीस सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घ्यावी. तिचे चार सारखे भाग करून समोरासमोरचे दोन पांढऱ्या व दोन काळ्या रंगानें रंगवावे. मधोमध भोंक पाडून दोरी ओंवावी, व ती सरळ बुडावी म्हणून खालीं वजन बांधावें. दोरीस दर दहा सेंटीमीटरांवर गांठ असावी. नांवेंतून अगर धरणाच्या भिंतीवरून, सावलीच्या बाजूस, ती सावकाश सोडावी. दिसेनाशी झाली ती गांठ मोजावी; वर ओढतांना पुन्हां दिसूं लागली ती मोजावी; दोहोंची सरासरी तें त्या दिवसाचें माप. सेंटिनेल आपल्याकडून सकाळीं साडेदहा ते अकराच्या सुमारास जातो, म्हणून माप त्याच वेळीं घेतल्यास उत्तम. उपग्रह कोणत्या दिवशीं जावयाचा तें अगोदर प्रसिद्ध होतें.

वहींत तारीख, वेळ, जागा, आदल्या दोन दिवसांचा पाऊस, पाण्याचा रंग व तबकडीचें माप, एवढे रकाने पुरेत. वही बांधलेली असावी, सुटे कागद नसावेत. पानांवर अनुक्रमांक घालावे. खाडाखोड करूं नये, चूक झाल्यास एक रेघ मारून शेजारीं दुरुस्ती व सही करावी. महिन्यांतून दोनदां माप घेतलें तरी वर्षाच्या चोवीस नोंदी होतात. माप एकाएकीं निम्म्यावर आलें आणि पाऊस तर नाहीं, असें झाल्यास त्याच दिवशीं पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे द्यावा. धातूंच्या तपासणीकरितां बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी, कारण तींत आम्ल घालून ठेवावें लागतें. घरची बाटली चालत नाहीं. बाटलीवरील चिठ्ठीवर दोघां साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या, आणि वहींतील नोंदीचा अनुक्रमांक चिठ्ठीवरही लिहावा.

तबकडीचा एक नमुना मंडळाच्या कचेरींत करवून ठेविला आहे. ज्यांस मापें उतरून घ्यावयाचीं असतील त्यांनीं बाजारच्या दिवशीं येऊन पाहावा. दोरी मात्र सुती घेऊं नये, ती भिजून आंखडते व गांठींचें अंतर चुकतें.